मोझांबिक : शेत आणि बंदर यांच्या मधली गुंतवणूक

भारतातील तुरीची नवी आवक बाजारात येण्यापूर्वी, साधारणतः सप्टेंबर ते डिसेंबर या काळात, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आलेली तूर आपल्या बंदरांत उतरू लागते. तिचा मोठा वाटा मोझांबिकच्या नामपुला आणि झांबेझिया या प्रांतांतील अल्पभूधारक शेतकऱ्यांनी पिकविलेला असतो. आपल्याकडील अनेक शेतकरी या देशाकडे भाव पाडणारा स्पर्धक म्हणून पाहतात. काही उद्योजक व शेतकरी उत्पादक कंपन्या मात्र तेथे गुंतवणुकीची संधी शोधू लागल्या आहेत. या दोन्ही दृष्टींना पुरेशी माहिती लाभावी, या हेतूने मोझांबिकमधील प्रमुख क्षेत्रांचा हा आढावा सादर करीत आहे. कीटकशास्त्राचा अभ्यासक म्हणून माझे लक्ष स्वाभाविकपणे पिकाच्या नुकसानीकडे जाते. परंतु या देशातील गुंतवणुकीचा इतिहास पाहिला, तर यशापयशाचा निर्णय बहुधा शेत आणि बंदर यांच्या मधल्या दुव्यांवरच झालेला दिसतो.

देशाची ओळख

टांझानियाच्या दक्षिणेस आणि मादागास्करच्या समोर पसरलेल्या या देशाचे क्षेत्रफळ सुमारे ८ लाख चौरस किलोमीटर असून किनारपट्टी सुमारे २५०० किलोमीटर लांबीची आहे. १९७५ मध्ये पोर्तुगिजांपासून स्वातंत्र्य मिळाल्यानंतर लवकरच यादवी युद्ध पेटले. ते १९९२ च्या शांतता कराराने संपले. बहुसंख्य लोकांची उपजीविका शेतीवर अवलंबून आहे. ही शेती प्रामुख्याने पावसावर आणि हातकुदळीवर चालते. मका आणि कसावा ही मुख्य अन्नपिके, तर काजू, कापूस, तंबाखू, तीळ व तूर ही रोख पैसा देणारी पिके होत. राजभाषा पोर्तुगीज आहे, हे तेथे जाऊ इच्छिणाऱ्याने प्रारंभीच ध्यानात घ्यावे. करारनामे, परवाने व न्यायालयीन कामकाज याच भाषेत चालते.

भारताशी या भूमीचे नाते जुने आहे. १७५२ पर्यंत पोर्तुगीज मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालत असे. गुजराती व्यापारी तर त्याही पूर्वीपासून या किनाऱ्यावर ये-जा करीत आले आहेत.

वायू, कोळसा, वीज आणि बंदरे

आकारमानाने सर्वांत मोठी गुंतवणूक ऊर्जाक्षेत्रात आहे. उत्तरेकडील काबो देल्गादो प्रांताच्या समुद्रात २०१० नंतर नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे आढळले. तेथील ‘एरिया १’ प्रकल्पात ओएनजीसी विदेश, भारत पेट्रोरिसोर्सेस आणि ऑइल इंडिया यांचा एकत्रित वाटा ३० टक्के आहे. तथापि २०१७ पासून या प्रांतात सशस्त्र हिंसाचार सुरू झाला. मार्च २०२१ मध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाल्यानंतर या प्रकल्पाचे काम चार वर्षांहून अधिक काळ ठप्प राहिले. त्याच खोऱ्यातील समुद्रावर तरंगणाऱ्या ‘कोराल सुल’ प्रकल्पातून मात्र नोव्हेंबर २०२२ मध्ये द्रवरूप वायूची पहिली निर्यात झाली.

टेटे प्रांतातील कोळशाची कथा अधिक बोधप्रद आहे. २०११ मध्ये रिओ टिंटो या कंपनीने येथील खाणी अब्जावधी डॉलर देऊन घेतल्या. झांबेझी नदीतून पडावांद्वारे कोळसा समुद्रापर्यंत नेण्याचा तिचा बेत होता. त्यास शासनाची अनुमती मिळाली नाही. अखेर २०१४ मध्ये बेंगा येथील खाणीसह ही मालमत्ता भारतातील सार्वजनिक कंपन्यांच्या ‘इंटरनॅशनल कोल व्हेंचर्स’ने अवघ्या ५ कोटी डॉलरमध्ये विकत घेतली. खाणीत कोळसा विपुल होता; उणीव होती ती वाहतुकीच्या मार्गाची. पुढे मोआतिझेपासून मलावीमार्गे नाकाला बंदरापर्यंत सुमारे ९१२ किलोमीटरचा लोहमार्ग सिद्ध झाला, तेव्हा चित्र पालटले.

झांबेझीवरील काहोरा बासा धरणाची वीजनिर्मिती क्षमता २०७५ मेगावॅट आहे. तिच्यातील मोठा भाग दक्षिण आफ्रिकेस विकला जातो, तर ग्रामीण भागातील असंख्य घरे आजही विजेविना आहेत. मापुतो, बैरा आणि नाकाला ही तीन बंदरे व त्यांस जोडणारे मार्ग केवळ मोझांबिकचीच नव्हेत, तर झिंबाब्वे, मलावी, झांबिया यांसारख्या समुद्र नसलेल्या शेजारी देशांचीही गरज भागवितात. म्हणून बंदर, गोदाम आणि वाहतूक या क्षेत्रांना येथे कायम मागणी आहे.

‘मोकळ्या जमिनी’चा भ्रम

गुंतवणूकदारांसाठी काढलेल्या पुस्तिकांत मोझांबिककडे ३ कोटी ६० लाख हेक्टर लागवडयोग्य जमीन असून तिचा अल्पसा भागच वापरात आहे, असे ठळकपणे सांगितलेले असते. हा आकडा वाचून आपल्याकडील प्रयोगशील शेतकऱ्याच्या मनात मोठ्या क्षेत्राचे स्वप्न उभे राहणे साहजिक आहे. येथे सावध राहिले पाहिजे. फिरती शेती करणारे कुटुंब काही वर्षे जमीन कसून नंतर तिला विश्रांती देते. वरवर पडीक दिसणाऱ्या अशा जमिनीस वहिवाटदार असतो; शिवाय गावाचे सरपण, गुरांची चराई आणि औषधी वनस्पती यांसाठीही ती वापरात असते.

१९९७ च्या भूमी कायद्यानुसार सर्व जमीन राज्याच्या मालकीची आहे. ती विकता येत नाही वा गहाण ठेवता येत नाही. गुंतवणूकदारास ‘डुआट’ या नावाने ओळखला जाणारा वापर-हक्क कमाल ५० वर्षांसाठी मिळतो व त्याचे नूतनीकरण होऊ शकते. परकीयांस प्रथम २ वर्षांची तात्पुरती अनुमती दिली जाते. स्थानिक समुदायाशी विचारविनिमय करणे बंधनकारक असून, १० वर्षे सद्भावनेने जमीन कसणाऱ्याचा हक्क कागदाविनाही मान्य केला जातो.

या वास्तवाकडे दुर्लक्ष केल्यास काय घडते, याचे उदाहरण ‘प्रोसवाना’ हा प्रकल्प होय. जपान, ब्राझील व मोझांबिक यांनी २००९ मध्ये नाकाला मार्गालगतच्या प्रदेशात व्यापारी शेतीचा विस्तार करण्याचे ठरविले. आपल्या जमिनी जातील या भीतीने शेतकरी संघटनांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला आणि २०२० मध्ये प्रकल्प गुंडाळण्यात आला. तीन शासनांचे पाठबळ असूनही कसणाऱ्याचा विश्वास मिळविता आला नाही.

काजूचा धडा

पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून काजू गोव्यात आणला, तसाच मोझांबिकमध्येही नेला. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी २ लाख टनांहून अधिक कच्च्या बियांचे उत्पादन घेऊन हा देश जगात अग्रस्थानी होता. युद्ध, जुनी झालेली झाडे आणि भुरी रोग यांमुळे हे उत्पादन कोसळले.

१९९५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या आग्रहाने कच्च्या काजूवरील निर्यातकर कमी करण्यात आला. शेतकऱ्यास चांगला भाव मिळेल, अशी त्यामागील अपेक्षा होती. प्रत्यक्षात कच्ची बी मोठ्या प्रमाणावर भारतात जाऊ लागली आणि तेथील प्रक्रिया कारखाने एकामागून एक बंद पडले; हजारो कामगार, ज्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती, बेरोजगार झाले. शेतकऱ्याच्या हाती पडलेली वाढ अत्यल्प होती. मधल्या व्यापारसाखळीनेच बहुतांश लाभ घेतला. कोल्लम, मंगळुरू वा कोकणातील काजू उद्योग आफ्रिकेतील कच्च्या बियांवर कसा वाढला, याची ही दुसरी बाजू आपण जाणून घेतली पाहिजे.

पुढे १९९९ मध्ये कच्च्या बियांच्या निर्यातीवर पुन्हा अधिभार बसविण्यात आला आणि नामपुला प्रांतात लहान व मध्यम आकाराचे कारखाने उभे राहिले. पीकसंरक्षणाच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय गोष्ट म्हणजे ‘इन्काजू’ या शासकीय संस्थेने राबविलेला फवारणी कार्यक्रम. भुरी रोग आणि टी मॉस्किटो म्हणजेच ढेकण्या यांच्या नियंत्रणासाठी गावातील तरुणांना प्रशिक्षण व यांत्रिक फवारणी पंप देण्यात आले. ते मोबदला घेऊन शेजाऱ्यांच्या झाडांवर फवारणी करू लागले. एकेका कुटुंबाकडे विखुरलेली मोजकी झाडे असताना प्रत्येकाने पंप घेणे परवडणारे नव्हते. सेवा देणारा एक तरुण गावासाठी पुरेसा ठरला.

कोकणातील बागायतदारांस ढेकण्या परिचित आहे. आपल्याकडे हेलोपेल्टिस अँटोनाय ही प्रजाती प्रमुख आहे. आफ्रिकेत त्याच कुळातील अन्य प्रजाती कोवळी पालवी व मोहोर यांतील रस शोषून घेतात. दोन्हीकडे विणकर मुंग्या, म्हणजे कोकणातील ओंबील, या किडीच्या नैसर्गिक शत्रू आहेत. म्हणून कीटकनाशकाची सरसकट फवारणी टाळून पालवी व मोहोराच्या अवस्थेनुसार निर्णय घेण्याचे आपले ज्ञान तेथेही उपयोगी पडू शकते.

तूर : भारताच्या धोरणाशी बांधलेले पीक

भारतीय वाचकासाठी सर्वांत जवळचा विषय तुरीचा आहे. मोझांबिकमध्ये तूर बहुधा मक्यासोबत आंतरपीक म्हणून, खत व औषधांविना घेतली जाते. स्थानिक आहारात तिचे स्थान मर्यादित असल्याने ग्राहक मुख्यतः एकच, तो म्हणजे भारत.

जुलै २०१६ मध्ये उभय देशांत करार झाला. त्यानुसार भारताने पहिल्या वर्षी १ लाख टन आणि पाच वर्षांत वाढवत २ लाख टन कडधान्य घेण्याचे मान्य केले. पाठोपाठ २०१६-१७ मध्ये भारतात तुरीचे विक्रमी उत्पादन झाले. आपल्या शेतकऱ्यांचे भाव पडले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने आयातीवर वार्षिक २ लाख टनांची मर्यादा घातली. कराराखालील कोटा त्यातून वगळलेला होता. परंतु भारतात मागणी वाढेल या आशेने मोझांबिकच्या शेतकऱ्यांनी लागवड वाढविली होती आणि कोट्याबाहेरील तुरीस अन्य ग्राहक नव्हता. तेथील भाव कोसळले. २०२१ मध्ये आयात खुली झाली व वार्षिक २ लाख टनांची हमी २०२५-२६ पर्यंत वाढविण्यात आली. त्यानंतर २०२३ च्या अखेरीस, भारतात तूर महाग असताना, नाकाला बंदरात निर्यातीची तूर अडकून पडली.

आता भारताने डाळींच्या आत्मनिर्भरतेचे अभियान हाती घेतले आहे. २०२५-२६ ते २०३०-३१ या काळासाठी ११,४४० कोटी रुपयांची तरतूद असून तूर, उडीद व मसूर यांवर भर आहे. २०२५-२६ साठी तुरीचा किमान हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये आहे. आयातीची तूर स्वस्तात उतरली, तर या हमीभावाचा आधार डळमळतो, ही आपल्या शेतकऱ्याची तक्रार रास्त आहे. म्हणूनच भारतीय बाजारपेठ कायम खुली राहील, हे गृहीत धरून मोझांबिकमध्ये केवळ तूर-खरेदीचा व्यवसाय उभारणे जोखमीचे आहे.

मग तेथे भारतीयांनी काय करावे? उत्तर शेतातच सापडते. तुरीचा फुलोरा व शेंगा तेथील हिवाळ्याच्या सुमारास येतात. पूर्व आफ्रिकेत शेंगा पोखरणाऱ्या अळ्या (हेलिकोव्हर्पा, मरुका), शेंगमाशी आणि शेंगांतील रस शोषणारे ढेकूण या प्रमुख किडी आहेत. हे चित्र आपल्या अकोला वा कलबुर्गीच्या शेतकऱ्यास अनोळखी नाही. फरक असा की, रस शोषणाऱ्या ढेकणांचे महत्त्व तेथे अधिक आहे आणि शेंगमाशीची प्रजाती वेगळी आहे. म्हणून आपल्या शिफारशी जशाच्या तशा तेथे नेता येणार नाहीत. हैदराबादजवळील इक्रिसॅटच्या आफ्रिकेतील कार्यक्रमातून निघालेले, मर रोगास प्रतिकारक असे ‘आयसीईएपी ०००४०’ यांसारखे वाण त्या प्रदेशात प्रसारित झाले आहेत. परंतु शुद्ध बियाणे गावापर्यंत पोहोचविणारी साखळी दुबळी आहे.

कीड कोणाचा परवाना मागत नाही

मोठी गुंतवणूक एका सूक्ष्म जिवामुळे कशी धोक्यात येते, हे नामपुला प्रांताने पाहिले आहे. २०१३ मध्ये तेथील निर्यातक्षम केळीच्या एका मोठ्या मळ्यात पनामा मर रोगाची ‘टीआर-४’ ही प्रजाती आढळली. आफ्रिका खंडातील ही पहिली नोंद होती. ग्रँड नैनसह कॅव्हेंडिश गटातील सर्व वाणांस घातक असलेली ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. पादत्राणे, अवजारे व रोपे यांतून पसरते. मळा मोठा, सिंचन आधुनिक, बाजारपेठ निश्चित, तरीही या बुरशीपुढे त्यांचा निभाव लागला नाही. हाच रोग भारतात बिहारमध्ये आढळला आहे, हे आपल्या केळी उत्पादकांनी विसरू नये.

किडींचा प्रवास दोन्ही दिशांनी होतो. आशियातील फळमाशी (बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस) २००३ मध्ये केनियात प्रथम नोंदली गेली. २००७ मध्ये ती उत्तर मोझांबिकमध्ये आढळली आणि त्यानंतर तेथील आंबा व अन्य फळांच्या निर्यातीवर शेजारी देशाने निर्बंध घातले. उलटपक्षी, अमेरिका खंडातील लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत प्रकटली, २०१७ पर्यंत मोझांबिकमध्ये पोहोचली आणि मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्गा परिसरातील मक्यावर आढळली. मका गेला की मोझांबिकच्या कुटुंबाचे अन्न जाते आणि तूर मिळेल त्या भावाने विकणे भाग पडते.

म्हणून वनस्पती विलगीकरण हा दोन्ही देशांच्या हिताचा विषय आहे. भारतात २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात मालास कीडमुक्ततेचे प्रमाणपत्र व ठरावीक धुरीकरण आवश्यक असते. कडधान्यावरील भुंगेरे शेतातील वाळत्या शेंगांवरच अंडी घालतात, अळी दाण्यात शिरते आणि पोत्यात गेल्यावर पुढील पिढ्या वाढतात. त्यामुळे बंदरातील धुरीकरण हा शेवटचा उपाय ठरतो. नुकसान त्यापूर्वीच होऊन गेलेले असते.

संधी कोठे आहेत

वरील अनुभवांवरून मर्यादित भांडवलाच्या भारतीय संस्थांसाठी पुढील क्षेत्रे अधिक भरवशाची वाटतात.

१. साठवणूक : हवाबंद तिहेरी पिशव्यांत प्राणवायू संपून भुंगेरे मरतात, रसायनाची गरज राहत नाही. चवळीसाठी आफ्रिकेतच विकसित झालेले हे तंत्र तुरीसही लागू पडते. दाणे योग्य प्रमाणात वाळवूनच भरावेत, ही अट मात्र कसोशीने पाळावी लागते. साठवण सुरक्षित झाली, तर शेतकऱ्यास काढणीच्या दिवशीच विकण्याची सक्ती राहत नाही.

२. लघु प्रक्रिया : अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल आणि कानपूरच्या भारतीय कडधान्य संशोधन संस्थेने विकसित केलेली यंत्रे अल्प भांडवलात चालतात. तेथे बव्हंशी अखंड तूर निर्यात होते. गावपातळीवर डाळ झाल्यास स्थानिक आहारात तिचा वापर वाढेल, चुनी-भुसा कुक्कुट व पशुखाद्यास मिळेल आणि एकाच देशावरील अवलंबित्व घटेल.

३. पीकसंरक्षण सेवा : काजूतील फवारणी सेवेचे प्रतिमान तूर, तीळ व भाजीपाला यांस लावता येईल. तुरीच्या शेंगांवरील चिकट केसांमुळे ट्रायकोग्रामा फारसा प्रभावी ठरत नाही. कामगंध सापळे, पक्षिथांबे व एचएनपीव्ही अधिक उपयुक्त. मात्र जैविक घटक भारतातून नेण्यापेक्षा स्थानिक विषाणूंचे गुणन करणारी छोटी प्रयोगशाळा उभारणे शास्त्रशुद्ध व कायदेशीरही ठरेल.

४. बियाणे : स्थानिक शेतकरी गटांमार्फत सत्यतादर्शक बियाण्याचे उत्पादन. तूर काही अंशी परपरागी असल्याने विलगीकरण अंतर पाळण्याचे प्रशिक्षण अनिवार्य आहे.

५. पशुखाद्य व कुक्कुटपालन : झांबेझियातील गुरुए परिसरात सोयाबीन रुजले आहे. शहरांतील अंडी व मांसाची मागणी देशांतर्गत असल्याने तिच्यावर परकीय आयातधोरणाचा परिणाम होत नाही.

६. गोदाम, प्रतवारी व धुरीकरण : नाकाला व बैरा येथे प्रशिक्षित मनुष्यबळ असलेली सेवा दोन्ही बाजूंच्या व्यापारास उपकारक ठरेल.

जोखीम मोजूनच पाऊल

२०१९ मधील इडाई व केनेथ, २०२३ मधील फ्रेडी आणि डिसेंबर २०२४ मधील चिडो या चक्रीवादळांनी मोझांबिकची अपरिमित हानी केली. २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या गुप्त कर्जप्रकरणाने देशाची पत खालावली. २०२४ च्या निवडणुकीनंतर अशांतता उसळली. यास्तव प्रथम निर्यात-गुंतवणूक संस्था ‘एपिएक्स’कडील नोंदणी, २०२३ चा खाजगी गुंतवणूक कायदा, चलन परत आणण्याचे नियम आणि विमा यांची खातरजमा करावी. जमीन घेण्याऐवजी स्थानिक शेतकरी संघटनेशी भागीदारी करावी. पहिला हंगाम केवळ निरीक्षण व प्रात्यक्षिकांस द्यावा.

आपल्या विस्तार कार्यकर्त्यांसाठीही यात कार्य आहे. शेतकरी उत्पादक कंपनीने परदेशी प्रस्ताव पुढे ठेवल्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत : भारताने आयात थांबविली, तर हा व्यवसाय टिकेल काय? पिकाचे काढणीपूर्व व काढणीपश्चात नुकसान कमी करण्याची त्यात तरतूद आहे काय? आणि तेथील शेतकऱ्याच्या हाती आजच्यापेक्षा अधिक काय पडेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुरीच्या २०१७ च्या अनुभवात आहे, दुसऱ्याचे नामपुलाच्या केळीमळ्यात आणि तिसऱ्याचे काजूच्या बंद पडलेल्या कारखान्यांत. या तिन्ही कसोट्यांस उतरणारा प्रस्ताव मोठा नसला तरी चालेल. तो तेथील तूर उत्पादकास आणि आपल्याकडील तूर उत्पादकास परस्परांचे प्रतिस्पर्धी न बनविता उभा राहू शकतो.